‘प्रेक्षकांनीच एकमेकांना चिरडलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ४ जून २०२५ रोजी गर्दीत गुदमरून ११ माणसं गेली, तेव्हापासून एक मेसेज आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. परवा तो पुन्हा आला, आणि या वेळी पाठवणारे होते लोकमान्य नगरातले आमचेच एक काका. मेसेज असा :

“स्टेडियममध्ये माणसं मरतात ती स्वतःच्या करणीने. १९८९ मध्ये इंग्लंडात हिल्सबरोला दारू प्यायलेल्या, विनातिकीट फॅन्सनी गेट तोडलं आणि आपल्याच ९६ जणांना चिरडलं. चार वर्षं आधी याच लोकांनी ब्रसेल्सला ३९ जणांचा जीव घेतला होता. गर्दीला अक्कल नसते. तिला जाळी, लाठी आणि अश्रुधूर एवढंच कळतं. आणि इतक्या वर्षांनी रडत बसण्यात काय अर्थ आहे?”

काका, फुटबॉलची पहिली मॅच मी नेहरू स्टेडियमवर तुमच्या खांद्यावर बसून बघितली. म्हणून ग्रुपवर दोन ओळींत वाद घालावासा वाटला नाही, नीट लिहितोय. मी लिव्हरपूल क्लबचा फॅन. रात्र रात्र जागून मॅचेस बघता बघता हे प्रकरण माझ्यासाठी परक्या देशातलं राहिलेलं नाही. तुमच्या मेसेजातली एक गोष्ट खरी आहे, तीही लपवणार नाही.

“फॅन्सनी गेट तोडलं.” आधी हे बघू, कारण बाकीचं सगळं याच्यावर रचलेलं आहे.

१५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या लोकांना लेपिंग्ज लेनची बाजू दिली होती. तिथे उभं राहून बघायची १०,१०० तिकिटं होती, आणि त्या सगळ्यांना आत घ्यायला टर्नस्टाइल (एका वेळी एकच माणूस सोडणाऱ्या फिरत्या चौकटी) होत्या ७. एकेकीमागे चौदाशेच्या वर माणसं! फॉरेस्टच्या लोकांसाठी मैदानाच्या बाकीच्या बाजूंना मिळून ६० टर्नस्टाइल होत्या, लिव्हरपूलला सगळ्या धरून २३. मॅच तीनची. अडीचनंतर बाहेर इतकी दाटी झाली की लोक तिथेच गुदमरायला लागले. तेव्हा २ वाजून ५२ मिनिटांनी ‘सी’ गेट उघडलं गेलं, आतून, पोलिसांकडून, बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफील्ड यांच्या हुकमाने. दोन हजारांवर माणसं चालत आत आली. समोरच एक बोगदा होता, तो थेट मधल्या दोन जाळीबंद कप्प्यांत उतरत होता, आणि ते कप्पे आधीच गच्च भरलेले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती. बोगद्याच्या तोंडाशी कुणी उभं राहून “इकडून नको, बाजूने जा” एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. कुणी नव्हतं.

त्याच दुपारी डकनफील्ड यांनी फुटबॉल असोसिएशनच्या लोकांना सांगितलं की फॅन्सनी गेट फोडलं. ते खोटं होतं, हे त्यांनी स्वतः शपथेवर कबूल केलं मार्च २०१५ मध्ये, २६ वर्षांनी. पुढे त्यांच्यावर खटला चालला आणि २०१९ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं, हेही सांगायला हवं. पण गेट कुणी उघडलं याबद्दल आता कुणाचंच दुमत नाही. तुमच्या मेसेजातलं वाक्य त्या दुपारच्या थापेचा उतारा आहे, काका. फक्त मराठीत आलंय.

तुम्हाला ३० मार्च २०२३ आठवतो? रामनवमीचा दिवस, आपल्या इंदूरचं बेलेश्वर महादेव मंदिर, जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब खचला आणि ३६ माणसं गेली. तेव्हा याच ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की हवनाला एवढी गर्दी करायची कशाला. तुम्ही संतापून उत्तर दिलं होतं : “पायाखाली बावडी आहे हे त्यांना कुणी सांगितलं होतं का?” बोगद्यात शिरणाऱ्यांच्या वतीने मी तुमचाच प्रश्न विचारतोय.

“दारू प्यायलेले, विनातिकीट.” आत गेलेल्यांची मोजणी नंतर झाली. त्या बाजूच्या उभ्या जागेत शिरलेल्यांचा एकूण आकडा तिकिटांच्या आकड्याच्या आसपासच निघाला. विनातिकीट झुंडी आल्याच नव्हत्या. माणसं जास्त नव्हती, ती चुकीच्या दोन कप्प्यांत गेली होती. लॉर्ड जस्टिस टेलर यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंतरिम अहवालात लिहिलं की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे होतं. आणि दारूचं म्हणाल तर मेलेल्या प्रत्येकाच्या रक्तातली दारू मोजली गेली. मुलांच्यासुद्धा. त्यांतला सगळ्यात लहान १० वर्षांचा होता. १० वर्षांच्या पोराच्या रक्तात दारू शोधणाऱ्याला नक्की काय सापडायला हवं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

२०१२ मध्ये स्वतंत्र पॅनेलने कागदपत्रं उघडली तेव्हा कळलं की पोलिसांच्या १६४ जबान्या बदलल्या होत्या, आणि त्यांतल्या ११६ जबान्यांतून पोलिसांवर टीका करणारी वाक्यं काढली किंवा बदलली होती. दुर्घटनेनंतर चारच दिवसांनी ‘द सन’ या इंग्लिश वर्तमानपत्राने पहिल्या पानावर “सत्य” असा मथळा देऊन फॅन्सनी मेलेल्यांचे खिसे मारले, पोलिसांवर लघवी केली असं छापलं होतं. लिव्हरपूलमध्ये आजही कितीतरी लोक ते वर्तमानपत्र घेत नाहीत. फॅन्सनी त्या दुपारी प्रत्यक्षात काय केलं, त्याची दृश्यं आहेत : मैदानाच्या कडेचे जाहिरातींचे फलक उखडून त्यांचे स्ट्रेचर केले आणि माणसं उचलून पळत सुटले.

शेवटी २६ एप्रिल २०१६ रोजी नव्या चौकशीतल्या ज्युरीने निकाल दिला : या लोकांचा मृत्यू बेकायदा मनुष्यवधाने झाला. फॅन्सच्या वागण्याने धोका वाढला का, असा वेगळा प्रश्न त्यांना विचारला होता. उत्तर होतं, नाही.

“गर्दीला अक्कल नसते.” इथे मला जरा थांबायचंय, कारण हे मी अंगावर घेतलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी रंगपंचमीला गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे निघालो होतो. एका अरुंद गल्लीत पुढचे थांबले आणि मागचे येतच राहिले. माझे दोन्ही हात छातीशी अडकले. खिशातला मोबाइल थरथरत होता, हात तिथवर पोचेना. पुढच्या माणसाच्या मानेवरचा गुलाल माझ्या ओठांना लागत होता, एवढा तो जवळ. मग चार-पाच पावलं मी चाललोच नाही, नुसता वाहत गेलो. श्वास बाहेर सोडला की छाती तेवढीच आत जायची आणि परत फुगायला जागा नसायची. कुणी ढकलत नव्हतं, काका. मागे वीस हातांवर लोक नाचत होते, कारण त्यांच्यापाशी नाचायला जागा होती. आमचं काय चाललंय हे त्यांना दिसूच शकत नव्हतं. वाचलो ते एका दुकानदारामुळे. ओटल्यावर उभं राहून त्याला दोन्हीकडचं दिसत होतं. त्याने “पीछे लो, पीछे लो” असा कंठ फोडला, शटर वर केलं आणि आम्हा दहा-बारा जणांना आत ओढून घेतलं.

माणसं अशी मरतात. पळताना पडून तुडवली जातात ती थोडी. बरीचशी उभ्या उभ्या, श्वास घेता न आल्याने जातात. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की एकेकट्याची मर्जी उरत नाही, सगळा जमाव पाण्यासारखा हलतो. तेव्हा अक्कल असायला हवी ती वरून बघणाऱ्याला. हिल्सबरोची पोलिसांची कंट्रोल रूम त्याच कप्प्यांच्या वर, कोपऱ्यात होती. तिथून ते कप्पे दिसत होते. तरी मॅच थांबली ३ वाजून ६ मिनिटांनी.

आपला शब्दही यात थोडा गुन्हेगार आहे. ‘चेंगराचेंगरी’. मारामारी, ढकलाढकली, ओढाताण यांच्याच घाटाचा : तू मला, मी तुला. ‘चेंगराचेंगरीत ११ ठार’ असं छापलं की वाचणाऱ्याच्या मनात खटला संपलेला असतो, मेलेल्यांनीच एकमेकांना मारलं. मी तरी हा शब्द आता टाळतो. ‘गर्दीत गुदमरून’ असं लिहितो.

आणि चुकीच्या गोष्टी फक्त आपल्यावर टीका करणारेच पसरवतात असं नाही, आम्ही फॅन्सही जपतो. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात २ जानेवारी १९७१ रोजी १३ नंबरच्या जिन्यावर ६६ जण गेले. वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की शेवटच्या मिनिटाला गोल झाल्याचा आवाज ऐकून बाहेर पडणारे लोक उलटे फिरले आणि उतरणाऱ्यांवर आदळले. चौकशीत तसं काही आढळलं नाही, सगळे एकाच दिशेने उतरत होते. त्याच जिन्यावर १९६१ मध्ये दोघांचा जीव गेला होता, नंतरही अपघात झाले होते. पण जिन्याच्या गोष्टीपेक्षा गोलाची गोष्ट सांगायला बरी वाटते.

“याच लोकांनी ब्रसेल्सला ३९ जणांचा जीव घेतला.” हे ते खरं. २९ मे १९८५, हेझेल स्टेडियम, युरोपियन कपची फायनल, युव्हेंटसशी. लिव्हरपूलच्या फॅन्सनी मधलं तकलादू कुंपण ओलांडून शेजारच्या भागावर चाल केली, तिथले लोक भिंतीकडे दाबले गेले, भिंत कोसळली. मेलेल्यांत ३२ इटालियन होते. १४ लिव्हरपूल फॅन्सना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, इंग्लिश क्लबांना पाच वर्षं युरोपात बंदी झाली, लिव्हरपूलला सहा. स्टेडियम मोडकळीला आलेलं होतं, तिकिटांची वाटणी चुकली होती, हे सगळं मान्य. तरी चाल आमच्या लोकांनी केली. हे म्हणताना लिव्हरपूलच्या फॅनची जीभ अडखळता कामा नये, आणि आमच्यातल्या अनेकांची ती अडखळते. २००५ मध्ये युव्हेंटस आमच्या अॅनफील्ड मैदानावर आला तेव्हा कॉप स्टँडमधल्या लिव्हरपूल फॅन्सनी हातातले कागद उंचावून ‘मैत्री’ हा इटालियन शब्द उभा केला. पाहुण्यांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी पाठ फिरवली. पाठ फिरवण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

पण ‘याच लोकांनी’ म्हणजे कुणी, काका? तो १० वर्षांचा मुलगा हेझेलच्या वेळी सहा वर्षांचा होता.

हाच हिशोब उलटा करून आमची इंदूरची पोरंही चॅटमध्ये लिहितात. लिव्हरपूलवाल्याला हिल्सबरोवरून डिवचायचं, मँचेस्टर युनायटेडवाल्याला १९५८ च्या म्युनिक विमान अपघातावरून, ज्यात २३ माणसं गेली. लिहिणाऱ्याने ना शेफील्ड पाहिलं ना म्युनिक. मार्च २०२३ मध्ये लिव्हरपूलचे क्लॉप आणि युनायटेडचे टेन हाग या तेव्हाच्या दोन्ही मॅनेजरांनी एकत्र येऊन हे थांबवा म्हणून सांगितलं, आणि आता इंग्लंडात अशा घोषणांवर खटला होऊ शकतो. आमच्या ग्रुपमध्ये मी ॲडमिन आहे, आणि असं लिहिणाऱ्याला मी काढतो.

“जाळी, लाठी, अश्रुधूर.” यावर फार लिहायची गरज नाही, नुसते प्रसंग बघा. हिल्सबरोला माणसं ज्यावर दाबली गेली ती जाळीच. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्डचा लाकडी स्टँड पेटला, ५६ जण गेले. मागची दारं कुलूपबंद होती, पण पुढे जाळी नव्हती, म्हणून बाकीचे मैदानात उतरून वाचले. लिमाला १९६४ मध्ये पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक जिन्यांवरून खाली धावले आणि खालची दारं बंद, ३२८ मृत्यू. आक्राला २००१ मध्ये अश्रुधूर, १२६ मृत्यू. इंडोनेशियात मलंगच्या कंजुरुहान स्टेडियमवर १ ऑक्टोबर २०२२ रोजी अश्रुधूर, १३५ मृत्यू. त्या दिवशी पाहुण्या संघाच्या फॅन्सना स्टेडियममध्ये प्रवेशच नव्हता, त्यामुळे ‘दोन गटांची मारामारी’ म्हणायचीही सोय नाही. स्टेडियममध्ये अश्रुधूर वापरू नये असा फिफाचाच नियम आहे.

दोन गट खरोखर भिडल्याचं उदाहरण आपल्या देशातच आहे : १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान, १६ मृत्यू. कोलकात्यात त्या तारखेला दरवर्षी रक्तदान होतं. दोन्ही क्लबांचे लोक एकाच रांगेत झोपून रक्त देतात.

“इतक्या वर्षांनी रडत बसण्यात काय अर्थ?” तुमच्या मेसेजात आकडा ९६ आहे. तो आता ९७ आहे. त्या दुपारी मेंदूला इजा झालेला एक तरुण त्याच अवस्थेत ३२ वर्षं जगला आणि जुलै २०२१ मध्ये गेला; त्याचाही मृत्यू बेकायदा मनुष्यवधच, असं कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, नोंदवलं. खेळाडूंच्या जर्सीवर मागे मानेपाशी दोन ज्योतींमध्ये ९७ लिहिलेलं असतं. पुढच्या मॅचला टीव्हीजवळ बसून बघा, दिसेल.

१९९१ मध्ये पहिल्या चौकशीने ‘अपघाती मृत्यू’ असा शिक्का मारला होता. सव्वातीननंतर काय झालं ते बघायचंच नाही असंही ठरवलं होतं. २०१२ च्या पॅनेलने दाखवलं की वेळेत मदत मिळती तर ४१ जण कदाचित वाचले असते. मेलेल्यांच्या आयाबाया रडत बसल्या नव्हत्या काका, त्या २७ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत होत्या. सरकारी माणसाने चौकशीत खरं सांगणं कायद्याने बंधनकारक करायचं विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडलं गेलं, त्याला लोक ‘हिल्सबरो कायदा’ म्हणतात.

रविवारी सकाळी पोहे-जिलेबी घेऊन येतो. तुमच्या ओटल्यावर बसून पोलिसांच्या त्या जबान्या वाचू. मूळची वाक्यं आणि त्यांवर मारलेली काट, दोन्ही मोबाइलवर काढून ठेवल्यात. चष्मा तेवढा जवळ ठेवा.