हामारचा तो सामना पाण्याशिवाय खेळला गेला नव्हता

‘नॉर्वेत हॉकीचा अंतिम सामना सलग साडेआठ तास चालला. खेळाडू एकदाही थांबले नाहीत, पाण्याचा थेंब घेतला नाही. उणे वीस अंशांत, उघड्यावर. प्रत्येकाचं वजन दहा-दहा किलोंनी उतरलं. पेनल्टी शूटआउटचा नियमच नव्हता, म्हणून खेळतच राहिले. प्रेक्षकांतला एक माणूस जागचा हलला नाही. याला म्हणतात शिस्त! आणि आपली मुलं अर्ध्या तासात पाणी मागतात.’

हा मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण तो भाच्याच्या उन्हाळी शिबिराच्या पालक-ग्रुपवर आला आणि टाकला खुद्द प्रशिक्षकांनी. खाली त्यांची स्वतःची ओळ: ‘सोमवारपासून दीड तासाच्या सरावात मध्ये पाणी मिळणार नाही, पालकांनी सहकार्य करावे.’ शिबिर नागपुरात, महिना मे. त्याखाली पालकांच्या अंगठ्यांची रांग. ताईनं विचारलं, ‘हे खरं आहे का रे?’ तिला दिलेलं उत्तर इथे सगळ्यांसाठी मांडतो.

सामना खरा आहे, हे आधीच सांगतो. नॉर्वेच्या सर्वोच्च व्यावसायिक आइस हॉकी लीगचा २०१६-१७ चा हंगाम. लीगला तेव्हा प्रायोजकाच्या नावावरून ‘गेट-लीग’ म्हणत. दहा संघ, प्रत्येक संघ उरलेल्या नऊ जणांशी पाच-पाच वेळा, असे ४५ सामने. मग पहिले आठ बाद फेरीत. बाद फेरीतली प्रत्येक लढत सात सामन्यांची, चार जिंकेल तो पुढे. १२ मार्च २०१७, रविवार, हामार शहर. यजमान स्टुरहामार विरुद्ध सार्प्सबोर्गचा स्पार्टा वॉरियर्स. २१७ मिनिटं १४ सेकंदांच्या खेळानंतर योआकिम येन्सननं गोल केला आणि स्टुरहामारनं सामना २-१ असा जिंकला. व्यावसायिक आइस हॉकीत याहून लांब सामना त्याआधी झाला नव्हता. आधीचा विक्रम १९३६ चा, डेट्रॉईट रेड विंग्ज आणि माँट्रियल मरून्स यांचा, १७६ मिनिटं ३० सेकंदांचा. तो ऐंशी वर्षांहून जास्त टिकला होता. तेव्हा ‘सर्वांत लांबलेला सामना’ एवढं मान्य. त्यापुढचं जवळजवळ सगळं चूक आहे, आणि ‘न थांबता, पाणी न पिता’ हे तर धोकादायक आहे.

आधी ‘न थांबता’ घेऊ. त्यासाठी २१७:१४ हा एकच आकडा पुरतो.

आइस हॉकीचा सामना २० मिनिटांच्या तीन भागांत होतो. बाद फेरीत बरोबरी राहिली की २० मिनिटांचा जादा भाग, त्यात पहिला गोल होताच सामना संपला. तोही कोरा गेला तर आणखी २० मिनिटं. नेहमीचे तीन भाग आणि कोरे गेलेले सात जादा भाग मिळून होतात २०० मिनिटं. उरली १७ मिनिटं १४ सेकंद, म्हणजे गोल आठव्या जादा भागात झाला. एकूण भाग अकरा, आणि अकरा भागांमध्ये मध्यंतरं दहा. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमपुस्तकात मध्यंतर १५ मिनिटांचं आहे. नुसत्या मध्यंतरांचे झाले अडीच तास. सामना संध्याकाळी सहाला सुरू झाला आणि रात्री अडीचच्या सुमारास संपला, म्हणजे घड्याळाची सुमारे ५१० मिनिटं. त्यातली खेळाची २१७. मध्यंतरांची १५० वजा केली तरी सव्वादोन तासांहून जास्त उरतात. ते शिट्ट्यांमध्ये गेले, कारण या खेळात शिट्टी वाजली की सामन्याचं घड्याळ थांबतं आणि खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत थांबूनच राहतं.

कुणी म्हणेल, मध्यंतर टाळून खेळले असतील. टाळता येतच नाही, बर्फ तसं करू देत नाही. रिंकवर, म्हणजे खेळायच्या मैदानावर, बर्फाचा थर असतो जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा, त्याच्या खाली थंड द्रव वाहणारे पाइप. वीस मिनिटांत स्केट्सची पाती तो खरवडून काढतात. वर चुरा साचतो, पक अडखळतो आणि उसळायला लागतो. पक म्हणजे १७० ग्रॅमची टणक रबरी चकती. ती सामन्याआधी गोठवून ठेवतात ती उसळू नये म्हणूनच. प्रत्येक मध्यंतरात यंत्र फिरतं. त्याचं पातं वरचा पापुद्रा तासून घेतं आणि मागचा ओला कपडा गरम पाण्याचा पातळ थर पसरत जातो. पाणी गरम, कारण ते खालच्या बर्फाला किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. थर गोठायला काही मिनिटं द्यावी लागतात. घाई केली तर ओल्या बर्फात पाती रुततात. ते यंत्र बर्फावर असताना खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसलेले असतात. ओले हातमोजे, आतले कपडे बदलायचे, स्केट्सना धार लावून घ्यायची, खायचं, प्यायचं, ही सगळी कामं तेव्हा होतात.

आता जो भाग चालू आहे त्याच्या आत काय चालतं ते पाहा, कारण प्रशिक्षकांना खरं तर हेच माहीत असायला हवं. नियमपुस्तकाप्रमाणे संघात जास्तीत जास्त २० स्केटर, म्हणजे गोल न राखणारे खेळाडू, आणि २ गोलरक्षक. बर्फावर एका वेळी पाच स्केटर आणि एक गोलरक्षक. बाकीचे बाकावर. एक स्केटर बर्फावर उतरतो तो ४० ते ५० सेकंदांसाठी. तेवढ्यात तो जीव तोडून धावतो, कठड्यावरून उडी मारून बाकावर येतो आणि त्याच क्षणी दुसरा उतरतो. त्यासाठी खेळ थांबवावा लागत नाही, बदली कितीही वेळा चालते. याला शिफ्ट म्हणतात. कारण साधं आहे: पूर्ण जोरानं धावताना स्नायूंमधला झटपट वापरायचा ऊर्जेचा साठा काही सेकंदांत आटतो, आणि दोन-तीन मिनिटं बसलं की बराचसा भरून येतो. शिफ्ट लांबली की काय होतं हे कुठल्याही सामन्यात दिसतं. सव्वा मिनिट झालं की पाय जड होतात, गुडघे वाकायचे थांबतात, खेळाडू उभा राहून काठी पुढे करायला लागतो आणि गोल खातो.

गणित करून पाहा. २१७ मिनिटं गुणिले पाच जागा म्हणजे सुमारे १,०८५ मिनिटं. ती वीस जणांत वाटली तर प्रत्येकी सरासरी ५४ मिनिटं. तीही एक-एक मिनिटाहून छोट्या तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यानंतर बसून. संघाचे खंदे बचावपटू याहून बरेच जास्त खेळतात, सगळ्यांत शेवटी उतरवल्या जाणाऱ्या गटातले कमी. साडेआठ तासांत सरासरी तासाभराहून कमी धावणं, हे त्या ‘न थांबता’चं खरं माप.

आणि पाणी. बाकासमोर बाटल्यांची रांग असते आणि शिफ्टवरून आलेला माणूस आधी बाटलीला हात घालतो. गोलरक्षकाला बाकावर जाता येत नाही, म्हणून त्याची बाटली कुठे ठेवतात? गोलच्या जाळीवर, वरच्या बाजूला. कुठल्याही सामन्याचा कुठलाही फोटो काढून पाहा, आडव्या दांड्याच्या मागे जाळीत बसवलेली बाटली दिसेल. शिट्टी वाजली की तो मुखवटा वर करतो आणि घोट घेतो. मैदानाच्या आत, गोलच्या डोक्यावर पाणी ठेवणारा हा खेळ ‘पाणी न पिण्याच्या शिस्ती’चं उदाहरण म्हणून फिरवला जातोय, याची मला चीड येते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. गोलरक्षकाला शिफ्ट नसते. त्याची बदली चालते, पण सहसा करत नाहीत, आणि तो त्या जड पॅडांसकट गुडघ्यांवर बसतो, उठतो, आडवा होतो. इतक्या लांब सामन्यात त्याचे हाल होतात, पेटके येतात. ‘खेळाडूंनी कमालीची चिकाटी दाखवली’ एवढंच कुणी लिहिलं असतं तर मी चकार शब्द काढला नसता. पण ती चिकाटी मध्यंतर, बाक आणि बाटली यांच्या आधारावर उभी होती.

दहा किलोंचा मुद्दा एका वाक्यात संपतो. ऐंशी किलोंच्या माणसाच्या अंगातून दहा किलो पाणी गेलं तर तो गोल करत नाही, मरणाच्या दारात असतो.

बाकीचं पटापट. तो अंतिम सामना नव्हता. उपांत्यपूर्व फेरीतल्या सात सामन्यांपैकी पाचवा होता. त्या हंगामाचं विजेतेपद स्टाव्हांगर ऑइलर्सनं घेतलं, सलग सहावं. स्टुरहामारला चषक मिळाला तो पुढच्या हंगामात, २०१८ मध्ये. सामना उघड्यावर नव्हता. हामारचं हे बंदिस्त सभागृह १९९४ च्या लिलेहामर हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेलं, तिथे तेव्हा फिगर स्केटिंग झालं होतं. उघड्यावरचा, कडाक्याच्या थंडीतला तपशील बहुधा कॅनडातल्या एडमंटनजवळच्या धर्मादाय सामन्यांवरून उचललेला आहे. तिथे चाळीस हौशी खेळाडू निधी गोळा करण्यासाठी अडीचशे तासांहून जास्त खेळतात, पण तेही पाळ्या लावून, आलटून पालटून झोपून. प्रेक्षक? सुरुवातीला साडेपाच हजारांच्या आसपास होते, शेवटी उरले हजार-अकराशे. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, लोक घरी गेले, त्यात गैर काय.

शूटआउटचं अर्धं खरं आहे. त्या सामन्यात शूटआउट नव्हतं, पण नियम करायचा राहिला म्हणून नव्हे. साखळीत बरोबरी झाली की छोटा जादा वेळ आणि मग शूटआउट होतं. विजयाचे तीन गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये जिंकलं तर दोन, हरलं तर एक. बाद फेरीत गोलनंच निकाल लावायचा हा जाणूनबुजून केलेला नियम आहे. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्येही तोच आहे. १९३६ चा विक्रम त्याच नियमामुळे झाला.

आता नागपूर. रिंकमधली हवा गार आणि पायाखाली शून्याखालचा बर्फ. तिथे तापलेल्या अंगातली उष्णता आपोआप हवेत जाते. आपली त्वचा साधारण पस्तीस अंशांची असते. मे महिन्यात सकाळी साडेनऊला नागपूरचा पारा अनेकदा त्याच्या पुढे गेलेला असतो. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की ती उष्णता घेत नाही, उलट देते. मग अंग थंड ठेवायला एकच मार्ग उरतो, घाम. आणि घाम पाण्याचा होतो. तीस किलोंच्या मुलाच्या अंगातून ६०० मिली पाणी गेलं की वजनाचे दोन टक्के गेले. तिथून पुढे धावणं मंदावतं, चेंडूवरची नजर हलते, डोकं दुखायला लागतं. दीड तासाच्या सरावात एवढा घाम सहज जातो. पाणी तोडून शरीराला ‘सवय’ लागत नाही. उन्हाची सवय लागते ती आठ-दहा दिवस सराव हळूहळू वाढवून, आणि ती लागली की घाम आधी आणि जास्त येतो, म्हणजे पाणी आणखी लागतं.

म्हणून शिबिरात करायचं ते असं. सराव साडेआठच्या आत संपवायचा. दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांना सावलीत आणून अर्धा-पाऊण पेला पाणी, तहान लागली का असं न विचारता. तासाहून जास्त सराव असेल तर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा ओआरएस. आठवड्यातून एकदा सरावाआधी आणि नंतर मुलाचं वजन करा. अर्धा किलो उतरलं असेल तर त्या दिवशी पाणी कमी पडलं, दुसऱ्या दिवशी तेवढं वाढवा.

कुणी मूल मळमळतंय म्हणालं, पेटके आले, चालताना झोकांड्या खाऊ लागलं किंवा विचारलं एक आणि उत्तर भलतंच देऊ लागलं, तर ‘नाटक करतोय’ म्हणायचं नाही. लगेच सावलीत आडवं करा, बूट-मोजे आणि वरचे कपडे काढा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत बर्फाच्या किंवा गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. १०८ ला फोन करा, आणि गाडी दारात येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.