‘जे जास्त, ते बाहेर’: इमल्शन ओळखताना हा नियम फसवतो

इमल्शन म्हणजे एकमेकांत न विरघळणाऱ्या दोन द्रवांपैकी एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात पसरलेलं मिश्रण. थेंब पाण्याचे आणि बाहेर तेल असेल तर ते ‘तेलात पाणी’, उलट असेल तर ‘पाण्यात तेल’. यातला प्रकार ओळखायची एक सोपी युक्ती सगळीकडे फिरते आहे. तिचे दावे तीन: तेल जास्त असेल तर ‘तेलात पाणी’, पाणी जास्त असेल तर ‘पाण्यात तेल’; घट्ट आणि तेलकट लागलं की नक्कीच ‘तेलात पाणी’; आणि शंका असेल तर थेंब पाण्यात टाका, मिसळला की प्रश्न मिटला. पहिले दोन चुकीचे आहेत. तिसरा अर्धवट आहे, आणि जास्त घोटाळे त्यानेच होतात.

पहिल्याला मेयोनीज पुरेसं आहे. त्यात बहुधा 70 ते 80 टक्के तेल असतं, तरी ते पाण्यात तेलच. एकसारखे गोल थेंब साधारण 74 टक्के जागा व्यापू शकतात. लहान-मोठे मिसळले किंवा दाबून चपटे झाले तर त्याहून जास्त. बाहेर कोण राहणार हे मुख्यतः इमल्सिफायर, म्हणजे थेंबांना पुन्हा एकत्र येऊ न देणारा पदार्थ, ठरवतो: तो ज्यात अधिक विरघळतो, ते बाहेर. हाच बॅनक्रॉफ्टचा नियम. म्हणूनच 3 ते 6 एचएलबीचे (इमल्सिफायरचा पाण्याकडे किती कल आहे ते सांगणारा आकडा; जास्त म्हणजे पाण्याकडे) इमल्सिफायर तेलात पाणी बनवायला घेतात, 8 ते 18 चे पाण्यात तेलासाठी. प्रमाण अगदीच निरर्थक नाही. आतला भाग वाढवत गेलात तर इमल्शन उलटू शकतं.

घट्टपणा थेंबांच्या दाटीमुळे किंवा दाटपणा आणणाऱ्या पदार्थामुळेही येतो. त्यावरून प्रकार कळत नाही.

आता थेंबाची चाचणी. काचपट्टीवर इमल्शनचा थेंब, शेजारी पाण्याचा थेंब ठेवा आणि सुईच्या टोकाने दोन्ही अलगद जोडा. घोटू नका, जोरात ढवळलं तर तेलात पाणीसुद्धा फुटून पाण्यात पसरल्यासारखं दिसतं. मग तेच तेलाच्या थेंबाशी करा. जे सहज मिसळेल, ते बाहेरचं.

दुसऱ्या नमुन्यावर मिथिलीन ब्लू या पाण्यात विरघळणाऱ्या निळ्या रंगाची चिमूटभर पूड भुरभुरा. बाहेर पाणी असेल तर निळा डाग भराभर पसरतो, तेल असेल तर पुडीचे ठिपके तसेच राहतात. वीजवाहकता मापकावर पाण्यात तेल जास्त आकडा देतं. मात्र इमल्सिफायर आयनरहित (पाण्यात विद्युतभारित कण न सोडणारा) असेल आणि पाण्यात क्षार नसतील, तर हा आकडाही फसवा कमी येतो. अशा वेळी वेगळ्या नमुन्यात किंचित मीठ घालून मोजा. मूळ नमुन्यात नको, मिठाने काही इमल्शन फुटतात.

एवढं करूनही फक्त बाहेर काय आहे तेच कळलं. पाण्यात तेल आणि त्या तेलात पुन्हा पाणी असलेलं दुहेरी इमल्शन या सगळ्या चाचण्या साध्या ‘पाण्यात तेला’सारख्याच पार करतं. त्यासाठी 400 पटीचा सूक्ष्मदर्शक लागतो: मोठ्या थेंबाच्या पोटात बारीक थेंब दिसले, तर ते दुहेरी. नमुन्यावर ठेवलेली पातळ आवरणकाच दाबू नका, मोठे थेंब तिथेच फुटतात.

आणि तापमान नोंदवा. इथॉक्सिलेटेड (इथिलीन ऑक्साइडच्या साखळ्या जोडलेला, आयनरहित) इमल्सिफायर असलेलं इमल्शन थंडीत बहुधा पाण्यात तेल असतं, ठरावीक तापमानापलीकडे उलटून तेलात पाणी होऊ शकतं. गरम भांड्यातून घेतलेला आणि गार झालेला नमुना वेगळं उत्तर देऊ शकतो.