पवन्या लाईनवर चालला

वाद उकरला तो तलाठीबुवांनी. रिटायर होऊन जमाना झाला, पण फेरफार नाकारताना असायचा तो आवाज अजून तसाच आहे.

"आता ट्रक ड्रायव्हरची ऐश हाय लेका," पेपर मांडीवर आपटत ते म्हणाले. "एसी केबिन! कायदाच झाला. पवन्या, तू नशीबवान हायस."

पवन कट्ट्याच्या टोकाला बसला होता. हिंगणघाटच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरून कोइम्बतूरला जाणाऱ्या दहा चाकी ट्रकवर तो दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होता. शिकाऊ म्हणून पहिलीच खेप. घरी आई, बायको, पाळण्यातली पोरगी, आणि शेतात अर्धा कापूस अजून वेचायचा. चार दिवसांपासून गावात दुसरा विषय नव्हता.

चाचा आपल्या पंक्चरच्या दुकानासमोर टपात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते. आयुष्य लाईनच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीवर गेलं, क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला, तेव्हा हे दुकान टाकलं. त्यांनी मान वर केली नाही.

"कोनत्या गाडीले एसी, बुवा? 1 ऑक्टोबर 2025 पासून जे नवीन बनन, तिले. पवन्याची गाडी त्याच्या लग्नाच्या आंधीची हाय. तिचा डाव्या खिडकीचा काच पाना घालून वर करा लागते."

"अन् सेठनं नवी घेतली त?"

"त सेठ म्हनन, एसीनं डिझेल जाते, बंद ठेव."

एवढ्यावर गप्प बसले तर ते बुवा कसले. त्यांचा साळ्याचा पोरगा परदेशात आहे. कशात आहे ते कोणालाच नक्की माहीत नाही, पण कोणत्याही विषयात तो असतो. "अमेरिकेत," बुवा म्हणाले, "ड्रायव्हरले 11 तासाच्या वर गाडी चालवूच देत नाई. मंग 10 तास सक्तीची सुट्टी. गाडीतच मशीन लावली हाय, सारं लिहून ठेवते. शिकाऊ असला त बाजूले शिकवनारा बसते. झोपाले मांगं पलंग!"

"आमच्या टायमाले आपल्याकडं त्याहून भारी कायदा होता," चाचा म्हणाले. "1961 चा. दिवसाचे 8 तास, हप्त्याचे 48. अन् सलग 5 तास चालवले का अर्धा तास आराम. युनियनवाल्यानं वाचून दाखवलं होतं आमाले. इतकी लाईन केली मी, हा कायदा मले कोन्या ढाब्यावर जेवताना दिसला नाई."

मी हसलो. बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या कृषी केंद्राचं लायसन तेच रद्द करणार होते.

मोरूनं कामाचं विचारलं. "पवन्या, तुह्याकडं लायसन त हाय ना बे?"

"हलक्या गाडीचं हाय. त्याले वर्ष झाल्याबिगर जड गाडीचं शिकाऊबी भेटत नाई. मार्चमधी होते."

"तोवर?"

"तोवर किन्नरकी. उस्तादच्या संगं."

"म्हंजे क्लिनर!" बुवांनी कपाळाला हात लावला. "बीए झालेला पोट्टा ताडपत्री बांधन?"

"आठवी पासची अट सरकारनं 2019 मधीच काढली, बुवा," चाचा म्हणाले. "आता बीएवाला अन् अंगठेवाला एकाच लाईनीत. अन् ताडपत्री बांधाले अक्कल लागते. बारक्या पोट्ट्यानं बांधली अन् कर्नूलच्या पुढं वाऱ्यानं फाडली त गाठी भिजतात. एक गाठ 170 किलोची. तिचे पैसे तुमची पेन्शन देनार हाय का?"

"मी त त्याच्या भल्याचं बोलून रायलो."

इथं मोरूचा तोल गेला. "भलं? ह्याच्या बापाचा फेरफार तुमी किती दिवस दाबून ठेवला, थे आठवते का? थो वेळेवर झाला असता त बँकेनं पीककर्ज देल्लं असतं. पवन्याले आज रुईच्या गाठीवर जा लागलं नसतं, सोताच्या कपाशीत राह्यला असता."

"थ्या प्रकरनात वारसाची सही नव्हती!"

"वारस तुमच्याच हापिसाबाहेर तीन दिवस बसून होता जी!"

तो वाद आमच्या गावात पंचवार्षिक योजनेसारखा दर काही वर्षांनी नव्यानं येतो, म्हणून चाचांनी तो तिथंच मोडला. त्यांनी टपातून हात काढला, लाकडी दांडा उचलला आणि पवनच्या हातात दिला. फाट्यावर एक आंध्राची गाडी उभी होती, ड्रायव्हर समोरच्या ढाब्यावर खाटेवर आडवा.

"जा. मांगचे टायर वाजव."

पवननं वाजवला. टण. पुढचा, टण. त्याच्या मागची जोडी, टण आणि मग एकदम बसका, भद्द.

"थांब. आता समजलं का? बाहेरून पाह्यलं त दोनी टायर सारखे दिसतात. आतला बसला हाय, बाहेरचा एकटा वजन उचलून रायला. असाच चालवला त ऊन तापल्यावर फुटन. गाडी उभी झाली का पयलं काम हे. चहा मंग. अन् दोन टायरच्या मधात गोटा अडकला का काढून टाक, नाई त थो पन आत शिरते नाई त मांगच्या मोटरसायकलवाल्याच्या कपाळावर जाते."

बुवांनीही दांडा घेऊन एक फेरी मारली आणि सगळे टायर एकसारखेच वाजतात असा निर्वाळा दिला.

"बुवाले फक्त नोटेचा आवाज वळखू येते," मोरू म्हणाला.

ड्रायव्हरला उठवून चाचांनी तेलगूत काही तरी सांगितलं. तो धावत आला. गिऱ्हाईक झालं. चाचांचं ज्ञानदान असं फुकट जात नाही.

जॅक लावता लावता चाचा पवनला सांगत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो. रुईच्या गाडीजवळ बिडी नाही, उस्तादनं पेटवली तरी त्याला हात जोडून लांब न्यायचं. गाठीत ठिणगी शिरली की आतल्या आत धुमसते, वरून कळतही नाही. रात्री गाडी उभी असेल तर उस्ताद झोपतो, चेला जागतो. डिझेल जातं, बॅटरी जाते, स्टेपनी जाते, आणि सेठ पैसे चेल्याच्या हिशोबातून कापतो. अपघात झाला तर काय, हे बुवांनी विचारलं. 2024 च्या जानेवारीतला ट्रकवाल्यांचा संप सगळ्यांना आठवत होता, कारण पेट्रोल पंपावर आम्ही सगळेच लाईनीत होतो. अपघात करून पळालं तर दहा वर्षांच्या शिक्षेचं ते कलम अजून लागू झालेलं नाही, एवढं बुवांनी बरोबर सांगितलं.

"कलम नंतरचं," चाचा म्हणाले. "पब्लिक पयले येते. उस्तादले सवय असते, थो उडी मारून निंगते. किन्नरले कोन्या बाजूनं उतराव थे समजत नाई. म्हनून पवन्या, दरवाजा कसा उघडते थे आजच पाहून ठेव. पळा म्हनून नाई. पोलीस ठान्यापर्यंत जिता पोचा म्हनून."

कोणी काही बोललं नाही. मोरूलाच ते सहन होईना. "उस्तादनं तुले आनखी काय सांगतलं बे?"

"युरियावर लक्ष ठेवजो म्हने."

"गाडीले युरिया?"

"एप्रिल 2020 नंतरच्या मोठ्या डिझेल ट्रकले लागते. वेगळी टाकी राह्यते. संपला का मीटरवर बत्ती लागते, मंग गाडी दमच धरत नाई."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "भाऊ, आमच्या कपाशीले भेटत नाई अन् गाडीले भेटते?" "गाडीवाल्याले बी लिंकिंग करता का? एका डब्ब्यावर दोन टॉनिक?" मी सांगत होतो की ते युरियाचं पाणी असतं, कंपनीचं, पोत्यातला युरिया घोळून टाकला तर मशीनची वाट लागेल. ऐकतो कोण! मोरूनं तर पोतं खांद्यावर घेऊन टाकीत ओतायची नक्कलही करून दाखवली.

"सारं सांगतलं चाचा तुमी," पवन म्हणाला. त्या संध्याकाळी तो आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. "पन गाडी चालवाले कधी भेटन?"

"चालवनं दोन महिन्यात येते रे. थांबनं शिकाले साल लागते. मिलच्या गेटवर नंबर लागला का कधी एक दिवस, कधी तीन. गार्ड म्हनते गाडी दूर लाव. न्हानी नाई, संडास नाई, सावली नाई. पगार खेपेवर, थांबल्याचा पैसा कोनी देत नाई. गाडी खाली झाली त सेठ रिकामी आनू देत नाई, परतीचं भाडं भेटेपर्यंत सेलमच्या बाहेर पडून राह्य. भाषा समजत नाई. पोट्टे तेव्हाच पळून येतात, रस्त्याले भिऊन कोनीच येत नाई."

बुवा म्हणाले, "म्हनून मी म्हनतो अमेरिकेत..."

"त पाठवा ना त्याले, साळ्याच्या पोराले फोन लावा!" मोरू ओरडला. बुवांनी खिशातला फोन चाचपला आणि तिकडं आता रात्र असेल असं सांगितलं.

चहावाल्या काकू एवढा वेळ गाळणी झटकत होत्या. त्यांचे मिस्टर अजूनही लाईनवर आहेत.

"मी वर्ध्याच्या पुढं कधी गेली नाई," त्या म्हणाल्या. "पन निर्मल, कर्नूल, अनंतपूर, होसूर, सारं पाठ हाय मले. फोनवर तेच एक विचारता येते, कुठी पोचले? घरचं सांगाले गेली का म्हनते, गाडीवर हाय, ठेव. ठेवला का अर्ध्या तासानं म्हनते, राग आला का? पवन्या, चालत्या गाडीत फोन उचलू नोको. पन गाडी उभी झाली का पयले तिले लाव. तुह्या टायरच्या आंधी."

"टायरच्या नंतर," चाचा म्हणाले.

"आंधी!"

चाचांनी माघार घेतली. मला वाटतं त्या दिवशी फक्त तेवढीच घेतली.

"खरं पाह्यलं त," मोरू म्हणाला, "गाडी कुठी हाय थे बायकोच्या पयले सेठले समजते. टोल कटला का मॅसेज त्याले. फास्टॅगले बायकोचा नंबर जोडून द्यावा ना जी. तिले बी समजन, आता केळापूर गेला, आता इथं गेला."

"अजिबात नोको!" बुवा इतक्या जोरात ओरडले की ढाब्यावरचा कुत्रा उठला. "आमच्या पोरानं माह्या गाडीचा जोडला तिच्या नंबरवर. काय तरास झाला विचारू नका."

"काय झालं बुवा?"

"काई नाई."

"सांगा ना जी."

"अरे, मी नागपूरले डोळे दाखवाले गेल्तो. अन् तिले मॅसेज आला दारोड्याचा."

क्षणभर कोणालाच लागलं नाही, मग सगळ्यांना एकदमच लागलं. आमच्या फाट्यावरून नागपूर उत्तरेला, दारोडा टोल दक्षिणेला. दारोड्याच्या पुढं वडनेर, पोहणा, नदी. आपला वर्धा जिल्हा गांधीबाबाचा, दारूबंदीचा. नदीपलीकडं यवतमाळ जिल्हा, तिकडं तसं काही नाही.

"दिसलं का मंग नीट?" चाचांनी पाना खाली ठेवून विचारलं.

"काय?"

"डोळे दाखवले ना तुमी. एकाचे दोन दिसत असतीन वापस येताना."

पवन असा हसला की त्याच्या हातातला चहा पँटीवर सांडला. आंध्राचा ड्रायव्हर, त्याला एक अक्षर कळलं नव्हतं, तोही हसत सुटला. बुवा उठले, चष्मा पुसला, आणि घरी कोणी काही बोलणार नसेल तर सगळ्यांचा चहा त्यांच्याकडून, असं जाहीर केलं.

"मांगचे सतरा कप बी लिहून हायेत, बुवा," काकू म्हणाल्या. "थे बी देऊन टाका संगंच."