खुलासा : उलटलेली कयाक सोडू नका

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी. ‘कयाक उलटली की ती सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटा’ हा फिरणारा सल्ला चुकीचा आहे. बॅकवॉटरमध्ये भाड्याने मिळणारी, वर बसायची प्लास्टिकची कयाक आतून पोकळ असते. पालथी पडली तरी तरंगते. (आतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच घट्ट असेल तर! निघण्यापूर्वी ते पाहाच.) शिवाय पाण्यातलं डोकं लांबून दिसत नाही, रंगीत कयाक दिसते. हात सुटला, तर वारा रिकामी कयाक पोहणाऱ्यापेक्षा वेगाने नेतो.

वल्हं धरून ठेवा. कयाकच्या मध्यावर या, तळावरून हात टाकून पलीकडची कड पकडा आणि मागे झुका, ती सुलटते. मग पाय आडवे झाडत, पोटावर पालथे होत तिच्यावर चढा, कूस वळून बसा. उभ्याने चढू गेलात तर पुन्हा उलटेल. लाटा फुटत असतील तर कयाक आणि किनारा यांच्या मध्ये थांबू नका. ती खडकाकडे ओढली जात असेल, तर मात्र सोडा.