आपले साडेचार कोटी आले आहेत, पोहोच द्यावी

सर्वप्रथम अभिनंदन. लंडनमधल्या एका संगणकाने जगभरातल्या लाखो ईमेल पत्त्यांतून नेमका आपला उचलला, तिकीट न काढताच आपल्याला लॉटरी लागली आणि ही शुभवार्ता रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी रेपो दर वगैरे बाजूला ठेवून जातीने कळवली, तीही जीमेलवरून.

अशा वेळी लोक फार वाईट वागतात. हसतात. स्क्रीनशॉट काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात, त्याखाली मावश्या आणि आत्या हसून लोळणारे चेहरे लावतात, आणि इकडे साडेचार कोटी बिचारे स्पॅमच्या अंधारात वाट बघत पडून राहतात. अहो, समोरच्याने तुम्हाला पहिल्याच ओळीत 'प्रियतम' म्हटलंय. घरात शेवटचं कधी कुणी म्हटलं होतं, आठवून पाहा.

तरी काही शंकेखोर असतातच. ते म्हणतात, रिझर्व्ह बँक कोणाही व्यक्तीचं खातं ठेवत नाही, तसं तिने कितीदा तरी जाहीर केलंय. खरं आहे, पण ते सामान्य माणसांसाठी. आपण सामान्य आहोत असं तुम्हाला मनातून कधी वाटलंय का? ते म्हणतात, लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परदेशात पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याची बंदी आहे. असेना. तुम्ही तिकीट घेतलंच नाहीत, मग कायदा मोडला कुठे? राहता राहिला 'मंजुरी शुल्क' म्हणून मागितलेल्या साडेअठरा हजारांचा प्रश्न. 'साडेचार कोटींतूनच कापून घ्या की' असं चुकूनही लिहू नका. गव्हर्नरांशी घासाघीस करणं आपल्या संस्कारांत बसत नाही.

शिवाय हे पत्र म्हणजे कुणा उपटसुंभाचं काम नव्हे. घराणं जुनं आहे. आधी गुन्हेगार आणि मग पॅरिसच्या पोलिसांत गुप्तहेरांचा म्होरक्या, अशी कारकीर्द केलेला व्हिदॉक एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या आठवणींत बिसेत्र तुरुंगातल्या पत्रलेखकांची हकिगत सांगतो. हे कैदी बाहेरच्या सधन लोकांना लिहायचे, की मी अमक्या सरदाराचा नोकर, क्रांतीच्या धामधुमीत पळताना धन्याची हिऱ्या-मोहरांची पेटी पाण्यात टाकावी लागली, जागा मलाच ठाऊक, फक्त इथून सुटण्यापुरते थोडे पैसे हवेत. शंभरातल्या वीस पत्रांना उत्तर यायचं, म्हणे. आजच्या जाहिरात कंपन्यांनी हा आकडा ऐकला तर त्या बिसेत्रला कचेरी थाटतील.

पुढे सरदाराचा हुकूमशहा झाला आणि पेटीतल्या मोहरांचे डॉलर झाले. नायजेरियाचा लष्करशहा सानी अबाचा जून १९९८ मध्ये वारला. त्याने देशाच्या तिजोरीतून अब्जावधी डॉलर लंपास केले होते, ही गोष्ट मात्र खरी. म्हणून तर त्याच्या विधवेच्या नावाने निघालेली पत्रं जगभर घरोघरी पोहोचली. तिला ते पैसे बाहेर काढायचे होते आणि त्यासाठी तिला पृथ्वीवर विश्वासाचा असा एकच माणूस सापडला होता, तुम्ही. तिथल्या दंडसंहितेतल्या ४१९ व्या कलमावरून या धंद्याचं नाव फोर-वन-नाइन पडलं. आपण चारसोबीस. म्हणजे इथेही आपण एका आकड्याने पुढेच आहोत! या वाङ्मयाची कदर झाली नाही असंही नाही. नोबेलची थट्टा म्हणून दिलं जाणारं इग नोबेल पारितोषिक, २००५ चं आणि तेही साहित्याचं, नायजेरियाच्या या 'इंटरनेट उद्योजकां'ना दिलं गेलं, लक्षावधी वाचकांना जनरल अबाचासारख्या व्यक्तिरेखांची ओळख करून दिल्याबद्दल.

माझ्या मते मात्र या सगळ्या वाङ्मयाचा मुकुटमणी म्हणजे अंतराळवीराचं पत्र. साधारण २००४ पासून ते फिरतं आहे. पत्रलेखकाचा एक चुलतभाऊ सोव्हिएत संघाने १९७९ साली गुपचूप अंतराळात नेलेला पहिला आफ्रिकी माणूस. १९८९ मध्ये तो पुन्हा एका गुप्त लष्करी अंतराळस्थानकावर गेला. त्याचे रशियन सोबती परत आले, पण यानातली त्याची जागा सामानाने अडवली. मग १९९० मध्ये सोव्हिएत संघच बरखास्त झाला (इतिहासाच्या पुस्तकांत हे १९९१ साली झालं, पण ती पुस्तकं काही अंतराळात लिहिलेली नाहीत) आणि गडी वरच अडकला. अधूनमधून शिधा पोहोचवणारी यानं येतात, त्याची तब्येत झकास आहे, फक्त आता घरी यायचं म्हणतो. मधल्या चौदा वर्षांचा उड्डाणभत्ता व्याजासकट साचून दीड कोट डॉलरच्या घरात गेला आहे. त्यातून रशियाला भाडं भरलं की माणूस खाली. अडचण एवढीच, की पत्र लिहिणारे सरकारी नोकर आहेत आणि नोकरीच्या आचारसंहितेत परदेशी खातं उघडायला मनाई आहे. नियम म्हणजे नियम! म्हणून खातं तुमचं, आणि त्याबद्दल वीस टक्के तुमचे.

रिक्षात जागा नाही म्हणून मागे राहिलेला माणूस आपण पाहिलाय. सामान जास्त झालं म्हणून अंतराळात राहिलेला पाहायला हे पत्रच हवं.

हसलात? हसा. पत्राची तेवढीच अपेक्षा आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली एक साधा प्रश्न विचारला. हे लोक आपण नायजेरियाचे आहोत असं सांगतात तरी का? नुसतं बेल्जियम म्हटलं असतं तरी चार लोक जास्त फसले असते. त्यांनी हिशेब मांडला तो असा: पत्र पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, खर्च येतो तो उत्तर आल्यानंतर. उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी कुणाला तरी दिवसेंदिवस लिहीत बसावं लागतं, खोटे दाखले बनवावे लागतात, फोन करावे लागतात. पत्र पटण्यासारखं असलं तर तुमच्यासारखे हुशार लोकही उत्तर देणार, चौकशा करणार, आणि ऐन पैसे भरायच्या वेळी 'जरा विचार करून सांगतो' म्हणून पसार होणार. सगळी मेहनत वाया. त्यापेक्षा पहिल्याच ओळीत असं काही लिहावं की शहाण्याने हसून निघून जावं आणि जो उरेल तो पक्का. आपल्याला वाटतं, व्याकरणाच्या अकरा चुका काढून आपण त्या पत्राला नापास केलं. निकाल त्याच्या बाजूने लागलेला असतो. आपल्यावर वेळ घालवायचा नाही, हे त्याने आधीच ठरवलेलं असतं.

हे कळल्यावर काही मंडळी मुद्दाम उत्तरं देऊ लागली. ब्रिटनच्या ओ-टू या मोबाइल कंपनीने तर नोव्हेंबर २०२४ मध्ये डेझी नावाची एक कृत्रिम आजीच नोकरीला ठेवली. ती फोनवर ठकसेनांना आपल्या विणकामाच्या आणि घरच्यांच्या गोष्टी सांगत चाळीस-चाळीस मिनिटं अडकवून ठेवते. आपल्याकडे यासाठी कृत्रिम काही लागू नये. 'बाळा, तू मूळचा कुठला? लेगॉसचा? तिकडे आमच्या जोशांचा मुलगा होता बघ', एवढ्या भांडवलावर आपली कुठलीही आजी चार दिवस काढील. पण तुम्ही हा नाद करूच नका, असं सांगायचा मोह होतो. उत्तर दिलं की पत्ता जिवंत आहे हे त्यांना कळतं, आणि जिवंत पत्ता बाजारात विकला जातो. तेव्हा अवश्य द्या. एकटेपणा जाईल.

आणि हे सगळं अडाणी लोकांचं दुखणं, असं म्हणायचं असेल तर ब्राझीलच्या बांको नोरोएस्ते बँकेतल्या साहेबांना विचारून म्हणा. १९९५ ते १९९८ या काळात त्या बँकेचे २४ कोटी २० लाख डॉलर असेच गेले. पलीकडे होता नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नराचं सोंग घेतलेला माणूस आणि विकायला होता अबुजाचा नवा विमानतळ. विमानतळ अर्थातच नव्हता. व्यवहार करणारा बँकेचाच बडा अधिकारी होता, आणि चुकीच्या इंग्रजीला तो नक्कीच हसला असता.

आपला मराठी माणूस तर त्याहून सावध. ऱ्हस्वदीर्घ बघितल्याशिवाय तो फसत नाही. म्हणून आताचे फसवणारे शुद्ध लिहायला लागलेत, आणि या कष्टांचं आपण चीज केलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते. वर श्री गजानन प्रसन्न, खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे ते ॲप आहे आणि एकदा बसवलं की तुमचे ओटीपी तुमच्या आधी ते वाचणार. पण निमंत्रण आग्रहाचं आहे, उघडायलाच हवं. नाही उघडलं तर नंतर ऐकून घ्यावं लागतं.

किंवा मेसेज येतो, मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, खालील अधिकाऱ्यास मोबाइलवर संपर्क करा. वीज जायची वेळ इतकी नेमकी आपल्याला आयुष्यात कधी कुणी सांगितली आहे? या एका सौजन्यावरच शंका यायला हवी होती. अधिकारी फोनवर फार गोड बोलतो, एक छोटं ॲप घ्यायला लावतो, फक्त दहा रुपये भरायला सांगतो आणि त्यानंतर तुमचा फोन तो तिकडून चालवतो. डिजिटल अरेस्टबद्दल मी काय सांगावं? असा प्रकार कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मधून थेट पंतप्रधानांनी सांगून झालं. तरी गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर खेकसला की आपण खुर्चीतून उठून उभे राहतो.

आता बँकांच्या खऱ्या संकेतस्थळांच्या शेवटी डॉट बँक डॉट इन असावं, असं रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलंय. ते बघायला ॲड्रेस बार वाचावा लागतो. एवढं बारीक कोण वाचतं?

समजा, साडेअठरा हजार गेले. शांत राहा. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन मुळीच लावू नका, आणि पहिल्या तासाभरात तर नाहीच. तेवढ्यात लावला तर पैसे वाटेत कुठल्या तरी खात्यातच गोठवले जातात आणि त्या बिचाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. चारचौघांत बोलूही नका, लोक नावं ठेवतील. थोडे दिवस थांबा. मग दुसरं पत्र येईल, या वेळी संयुक्त राष्ट्रांकडून. ऑनलाइन फसवणुकीला बळी पडलेल्या निवडक लोकांना भरपाई मिळणार आहे आणि यादीत तुमचं नाव आहे. ते असणारच, यादी कुणाकडे आहे हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. प्रक्रिया शुल्क फक्त बारा हजार, म्हणजे गेल्या वेळेपेक्षा साडेसहा हजारांनी कमी. अर्जाला आधीच्या साडेअठरा हजारांची पावती जोडायची आहे, तेवढी शोधून ठेवा.