घरी ठेवलेल्या मावशींचा खर्च नाकारला गेला, त्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय की आईंची १० लाखांची आरोग्य विम्याची पॉलिसी आमच्या विमा एजन्सीच्या कोथरूडच्या ऑफिसमधून घेतली, ६ वर्षांत एकही हप्ता चुकवला नाही. खुब्याच्या ऑपरेशनचं बिल कॅशलेस झालं, पण नंतर आईंची देखभाल करायला घरी ठेवलेल्या मावशींचे ४ महिन्यांचे ९६ हजार विमा कंपनीने नाकारले. 'विकताना गोड बोलता आणि वेळ आली की नियम दाखवता,' असं तुमचं वाक्य आहे. आईंचे कागद किंवा पॉलिसीचा नंबर मी इथे लिहिणार नाही. तुम्ही जेवढं लिहिलंत, तेवढ्यावरच बोलते.

आधी आमची चूक. आज सकाळी फाइल काढून बघितली. पॉलिसी देताना आम्ही जो कागद भरून घेतो, त्यावर रूमचं भाडं, को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा), जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड (ज्या काळात त्यांचा खर्च मिळत नाही), सगळ्यापुढे टिक आहे. दवाखान्यातून घरी आल्यावर माणूस ठेवावं लागलं तर काय, यावर एक अक्षर नाही. छापील पॉलिसीत ते आहे, अपवाद क्रमांक ०५ मध्ये: आंघोळ घालणं, कपडे बदलणं, चालताना आधार देणं, यासाठी घरी किंवा नर्सिंग होममध्ये ठेवलेल्या माणसाचा खर्च मिळत नाही, मग ती शिकलेली नर्स का असेना. हा विमा नियामकाने ठरवून दिलेला प्रमाण अपवाद आहे, एकट्या तुमच्या कंपनीचा नाही. पण तो बारीक अक्षरांत छापलेला असणं वेगळं आणि समोर बसवून सांगणं वेगळं. सांगायचं काम आमचं होतं, ते झालं नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

'डोमिसिलियरीमध्ये', म्हणजे घरी घेतलेल्या उपचारांच्या खर्चात, 'बसवून द्या' असं तुम्हाला कोणी सुचवलं, तेही वाचलं. ते बसणार नाही. एरवी दवाखान्यातच द्यावे लागले असते असे उपचार, पेशंटला हलवता येत नाही किंवा बेड मिळत नाही म्हणून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी दिले, तरच डोमिसिलियरी. मावशींनी आईंना धरून कमोडच्या खुर्चीवर बसवणं, रात्री दोनदा उठून कूस बदलून देणं हे उपचाराइतकंच गरजेचं असलं, तरी विम्याच्या भाषेत तो उपचार नाही.

कमिशनसाठी मोठी पॉलिसी गळ्यात मारली, हे तुमचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. ऑपरेशनचं सगळं बिल त्याच पॉलिसीने भरलं.

एक गोष्ट अजून हातात आहे. तुमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ९० दिवसांचा खर्च धरलेला आहे. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी, औषधं, एक्स-रे त्यात बसतात. ही बिलं तुम्ही लावलेलीच दिसत नाहीत. मुदत उलटली असली तरी उशिराचं कारण लिहून देऊ, अर्ज आम्ही करतो. मावशींच्या पैशांसाठी आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांच्या नारायण पेठेतल्या ऑफिसात जाण्याचा हक्क तुम्हाला आहेच, कागद आम्ही तयार करून देऊ. कलम इतकं स्पष्ट आहे की तिथे यश येईल असं मला वाटत नाही, हेही आत्ताच सांगते.

शेवटी तुम्ही विचारलंय, बाबा ७२ वर्षांचे, त्यांची पॉलिसीच नाही, आता काय? पहिलं काम म्हणजे सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत दवाखान्यातले उपचार मोफत. दवाखाना यादीत आहे का, ते आधी बघून ठेवा. नवी पॉलिसीही मिळू शकते. प्रवेशासाठी ६५ वयाची मर्यादा एप्रिल २०२४ पासून राहिलेली नाही. पण तपासण्या होतील, को-पे असेल आणि जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागेल.

पण हे दोन्ही दवाखान्यापुरतं. घरच्या माणसाचा पैसा वेगळाच ठेवावा लागतो, आणि तो किती लागतो याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी त्याचे तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला २०,५००. तुमच्या मावशी महिन्याला २४ हजार घेतात. पूर्ण ३० लाख अडकवूनही एका माणसाचा पगार निघत नाही, डायपर आणि एअर बेड वेगळेच. म्हणून मी म्हणते, किमान २ वर्षांचा मावशींचा खर्च मोडता येईल अशा एफडीत बाजूला काढा. ती एफडी आणि घरखर्चाचं खातं बाबा आणि तुम्ही, दोघांच्या नावावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करून घ्या, म्हणजे खात्यातून कोणाही एकाच्या सहीने पैसे निघतात. एफडी मुदतीआधी मोडायला मात्र बँक दोघांच्या सह्या मागू शकते, ते आधीच विचारून ठेवा. आईंच्या वेळी सहीसाठी त्यांना वॉकरसकट रिक्षात घालून बँकेत न्यावं लागलं, हे तुम्हीच लिहिलंय. नुसत्या नॉमिनीला खातेदार हयात असताना पैसे काढता येत नाहीत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. ५२ हजारांचा हप्ता धरला तर वर्षाला ९,३६० वाचतात, मावशींचे जवळजवळ १२ दिवस. तेही त्याच एफडीत टाका.

आमच्या त्या कागदावर 'घरी माणूस ठेवण्याचा खर्च मिळणार नाही' ही ओळ आजपासून ठळक अक्षरांत टाकली आहे, पुढे ग्राहकाची सही. जुन्या ग्राहकांपैकी ज्यांच्या घरी साठीच्या पुढची माणसं आहेत, त्यांना या आठवड्यापासून फोन करून हेच सांगतोय.

शनिवारी संध्याकाळी ७ पर्यंत मी स्वतः ऑफिसात आहे. फिजिओची बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स घेऊन या. आईंना सोडून निघता येत नसेल तर कळवा, मी घरी येऊन कागद घेऊन जाईन.