‘त्याने सही केली आहे’ म्हणून किमान वेतन टळत नाही

छोट्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं सार असं: कामगाराने राजीखुशीने सही केली असेल तर किमान वेतनाचा प्रश्न येत नाही, छोट्या धंद्याला तर नाहीच, ठेकेदाराच्या माणसांचा पगार ठेकेदाराने बघायचा, महिन्याच्या पगारावर ओव्हरटाइम नसतो, आणि न सांगता काम सोडणाऱ्याचा पगार अडवता येतो. मी छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं करतो. हा मजकूर खरा मानून वागलेल्या मालकांचे हिशेब नंतर माझ्याकडे येतात. तोवर कुणाच्या तरी घरचा पैसा बुडालेला असतो.

सहीपासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. वेतन संहिता २०१९ मध्ये झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामगाराने हक्काची रक्कम सोडून दिल्याचा करार तिच्या ६०व्या कलमाने रद्दबातल ठरतो. १९४८च्या किमान वेतन कायद्यातही हीच तरतूद होती. त्यामुळे ‘आता नियम बदलले’ असं म्हणायलाही जागा नाही.

पण मला कलमापेक्षा त्यामागचा विचार महत्त्वाचा वाटतो. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती, तेव्हा तिथल्या मजुराचं किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होतं. मजूर पुरवणारे जमादार त्यातला एक रुपया स्वतःचं कमिशन म्हणून कापून घेत आणि मजुराच्या हाती सव्वाआठ रुपये पडत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्या. भगवती यांनी १९८२च्या निकालात म्हटलं की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं ही राज्यघटनेच्या कलम २३ने मनाई केलेली सक्तीची मजुरी आहे. सक्ती म्हणजे फक्त दंडुका नव्हे. भूक आणि गरिबी माणसाला भाग पाडते तीही सक्तीच. दुसरं काम समोर नसलेला माणूस कुठल्याही कागदावर सही करतो. तिला राजीखुशी म्हणणं मला पटत नाही.

‘परवडत नाही’ ही तक्रार मात्र मी हलक्यात घेत नाही. मोठे ग्राहक बिलं महिनोन्‌महिने थकवतात, हे मी रोज पाहतो. तरीही न्यायालयाची भूमिका जुनी आणि स्पष्ट आहे: धंद्याची ऐपत न्याय्य वेतन, म्हणजे किमानाच्या वरचं वेतन, ठरवताना पाहतात, किमान वेतनाच्या बाबतीत नाही. केरळच्या उन्निचोयी खटल्यात १९६१ साली हेच सांगितलं गेलं. पूर्वी किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे यादीत, असलेल्या व्यवसायांनाच तो लागू असे, म्हणून निदान ‘आमचा व्यवसाय अनुसूचीत नाही’ असं म्हणता यायचं. संहितेने ती यादीच काढून टाकली. किमान वेतन धरून कामाचा दर जुळत नसेल, तर चूक कोटेशनमध्ये आहे.

ठेकेदाराचं थोडक्यात सांगतो. त्याने पगार चुकवला तर देण्याची जबाबदारी ज्याच्यासाठी काम झालं त्याच्यावर येते. म्हणून बिल मंजूर करण्याआधी ठेकेदाराकडून हजेरीपट आणि बँकेत पगार जमा झाल्याचा पुरावा मागून घ्या.

पगार महिन्याचा असला तरी कामाचे तास ठरलेलेच असतात. त्याहून जादा प्रत्येक तासाला किमान दुप्पट दर द्यावा लागतो.

आणि अडवलेला पगार. माणूस राजीनामा देऊन जावो की त्याला काढलेलं असो, दोन कामाच्या दिवसांत त्याचं वेतन चुकतं करायचं असतं. कपाती कायद्याने परवानगी दिलेल्या कारणांसाठीच करता येतात, आणि सगळ्या मिळून वेतनाच्या निम्म्यावर जात नाहीत. कामगाराला दावा करायला तीन वर्षं मिळतात आणि पैसे दिल्याचं सिद्ध करायचं ओझं मालकावर असतं. रोख देऊन पावती न ठेवणारे इथेच अडकतात.

एका वर्कशॉपमधला हेल्पर असाच अचानक गावी गेला. मालकाने रागाने बावीस दिवसांचा पगार अडवला होता. हिशेब करायला बसलो तर आणखी एक गोष्ट निघाली: महाराष्ट्रात किमान वेतनातला महागाईशी जोडलेला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, आणि यांनी मागचे दोन्ही बदल धरलेच नव्हते. मी दोन्ही रकमा कागदावर मांडून समोर ठेवल्या. मालक बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी त्याच्या खात्यात पैसे भरले आणि म्हणाले, “बाकीच्या अकरा जणांचाही फरक काढा.”